सरावाचा हल्ला

प्यो ह्ये-रान ज्या बालवाडीत शिकवायची ती बंद पडली, कारण मुलंच उरली नाहीत. भांडण नाही, दिवाळं नाही, कुणाची तक्रार नाही. शेवटच्या वर्षी तिच्या वर्गात फक्त दोन जुळ्या बहिणी होत्या, आणि त्यांच्या बापाचीही सोलला बदली झाली. उन्हाळा संपायच्या आत त्याच इमारतीवर म्हाताऱ्या माणसांच्या पाळणाघराची पाटी लागली. मालकीणबाई म्हणाल्या, "तू राहा की इथंच. काम तेच आहे. भरवायचं, झोपवायचं, गाणी म्हणायची." ह्ये-रानने फुटपाथवर रचून ठेवलेल्या बुटक्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि नको म्हणाली.

रोजगार कचेरीतल्या पोरसवदा कारकुनाने तिच्यापुढे सरकारी खर्चाने शिकता येतील असे वर्ग ठेवले. पाव-केक, नखं रंगवणं, रुग्णसेवा आणि सायबर सुरक्षा.

"तुमच्यासाठी पाव-केक छान आहे," तो म्हणाला. "ते शेवटचं राहू दे. ते पोरं करतात."

"मी काय आजी आहे?"

"नाही, तसं नाही. पण ते म्हणजे हॅकिंग वगैरे. घुसणं, पकडणं."

"मग तेच लिहा," ह्ये-रान म्हणाली. तेव्हा ती अडतीस वर्षांची होती, एकटी राहत होती, आणि त्या कारकुनावर रागावून तिने आयुष्याची दिशा बदलली, असं ती पुढे स्वतःच सांगायची.

वर्ग जॉन्जू शहरात, एका तळलेल्या कोंबडीच्या दुकानावर चौथ्या मजल्यावर भरायचा. दुपारनंतर सगळ्या खोल्यांना तेलाचा वास. संचालक कू इन-मो हा गोरागोमटा, सतत हसणारा माणूस. भिंतीवर नोकरी लागलेल्या विद्यार्थ्यांचे फोटो, आणि प्रत्येक फोटोत मध्ये तो स्वतः. शिकवायला होते योम सर. मोठ्या कंपनीतून कमी केलेले, कंत्राटावर आलेले, बारीक आवाजात बोलणारे. पण विषय त्यांच्या हाडात मुरलेला होता. पहिल्याच तासाला त्यांनी संगणक सुरूच करू दिले नाहीत.

"इथं तुम्ही दुसऱ्याच्या घरात शिरायला शिकणार आहात," ते म्हणाले. "म्हणून आधी ऐका. मालकाने लिहून दिल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. कुलूप उघडं दिसलं तरी नाही. तुम्ही चांगल्या मनाने गेलात की वाईट, हे कायदा विचारत नाही. आत गेलात का, एवढंच विचारतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि वहीत लिहून घेतलं.

सुरुवातीचे महिने घुसण्याचे होते. वर्गात मुद्दाम भोकं ठेवलेली सरावाची यंत्रं होती. बाहेरून त्यांची कुठली दारं उघडी आहेत ते चाचपायचं, आत कुठला जुना प्रोग्राम चालतोय ते ओळखायचं, त्याचा कच्चा दुवा शोधून आत पाय ठेवायचा. ह्ये-रानला ते अजिबात जमेना. तिची बोटं अडायची. शेजारी मा ग्यू-चान नावाचा चोवीसेक वर्षांचा मुलगा बसायचा. बारावी झालेला, विद्यापीठ अर्ध्यात सोडलेला, संध्याकाळी स्कूटरवरून लोकांची जेवणं पोचवणारा. त्याला यंत्र समोर आलं की भूक लागल्यासारखं व्हायचं. एक दिवस त्याला राहवलं नाही.

"नूना, एक विचारू? रागवायचं नाही."

थोरल्या बहिणीसारखं त्याने नूना म्हटलं तेव्हाच ती अर्धी विरघळली होती. "विचार."

"तुम्ही त्या यंत्राच्या दारात जाऊन बेल वाजवता आणि पायपुसण्यावर उभ्या राहता. कोणी येऊन या-बसा म्हणेल म्हणून."

"मग काय लाथ मारू?"

"लाथ कशाला? मागच्या खिडकीची कडी मोडलेली आहे. ती बघा तरी."

त्याने तिला ती खिडकी दाखवली. शोधाच्या चौकटीत नाव लिहायच्या जागी नावाऐवजी हुकूम लिहिला, तर हे भोळं यंत्र तो हुकूम पाळायचं आणि आतली सगळी नावं बाहेर ओतायचं. ह्ये-रानने तो हुकूम लिहिला. पडदा नावांनी भरला. सगळी खोटी नावं, सरावासाठी बनवलेली. ग्यू-चानने टाळी वाजवली. ह्ये-रानने मात्र पडदा झाकला. कुणाची तरी पर्स उघडून आत डोकावल्यासारखं तिला वाटलं होतं.

"नूना, तू या धंद्यात उपाशी मरशील," ग्यू-चान म्हणाला. त्या दिवसापासून तो तिला अगं-तुगं करायला लागला, आणि तिनेही तो कधी जेवला नाही हे पाहून डब्यातला अर्धा किंबाप, समुद्री शेवाळाच्या पानात गुंडाळलेला भात, त्याच्यापुढे सरकवायला सुरुवात केली.

मग पकडण्याचे महिने आले आणि पारडं फिरलं. आता समोर यंत्राची नोंद असायची. कोण आलं, कुठून आलं, काय मागितलं, काय मिळालं. ओळींमागून ओळी, आणि मधेच लाल रंगात इशारे. वर्गातली हुशार पोरं त्या लाल रंगाने वेडी झाली. प्रत्येक इशाऱ्यामागे धावायची आणि बहुतेक वेळा हाती लागायचा एखादा पासवर्ड विसरलेला बापडा माणूस. ह्ये-रान हलायची नाही. ती नुसती बघत बसायची, आणि मग एका ओळीवर बोट ठेवायची.

"कसं कळलं तुला?" ग्यू-चानने विचारलं. त्या दिवशी हल्ला त्यानेच केला होता आणि बराच झाकून केला होता.

"वर्गात मुलं ओरडत असली की काळजी नसते. एखादं गप्प असलं की समजायचं, तोंडात खडू आहे."

"म्हणजे मी खडू खाणारं पोर?"

"तू तर ओरडत खडू खातोस. तुला कुणीही पकडेल."

तो हल्ला करायचा, ती पकडायची. तिने पकडलं की तो नवी युक्ती शोधायचा, आणि तिने त्याच्यासाठी लावलेला सापळा आणखी बारीक व्हायचा. योम सर मागे उभे राहून बघायचे. एकदा म्हणाले, "तुम्हा दोघांना एकाच कंपनीने घ्यायला हवं. एकेकट्याला घेतलं तर अर्धाच माणूस मिळेल." ग्यू-चान त्या दिवशी इतका खूश होता की त्याने तिला मोडाच्या सोयाबीनचा गरम रस्सा आणि भात खायला नेलं. वाफेत तोंड घालून तो सांगत होता, त्याची आई गुन्सानच्या सार्वजनिक हमामात बायकांची अंगं घासते, तिचे हात पाण्याने कायम सुरकुतलेले असतात. "या कामात डिग्री विचारत नाहीत म्हणतात. काय येतं ते विचारतात. एकदा लागलो की आईला म्हणणार, हात वाळव आता."

शेवटी प्रकल्प आला. कू संचालक स्वतः वर्गात आला आणि टेबलावर बसला.

"या वेळी खोटी यंत्रं नाहीत," तो म्हणाला. "खरी कंपनी. लाल जिनसेंगची औषधी मुळं घरपोच विकणारी. तिथले ब्यॉन साहेब माझे मित्र आहेत. त्यांना आपली यंत्रणा तपासून हवी आहे. अर्धे जण हल्ला करा, अर्धे जण त्यांच्या नोंदी बघून पकडा. नोंदी इथल्या पडद्यावर थेट दिसतील, तशी सोय त्यांनीच करून दिली आहे. असा प्रकल्प आख्ख्या प्रांतात कुणाकडे नाही. अहवालावर तुमची नावं."

वर्गात कुजबुज झाली. ग्यू-चानने हात वर केला. "परवानगीचा कागद बघायला मिळेल?"

"येतोय. शिक्का बसला की येईल."

"मग आल्यावर सुरू करू का?"

कू संचालक हसला. "अरे, मी फोनवर बोललोय, जेवलोय त्यांच्याबरोबर. माझा शब्द चालत नाही का तुला? सत्र संपत आलंय. कागदाची वाट बघत बसलात तर नोकरीच्या मुलाखतीत काय दाखवाल, माझा फोटो?"

सगळे हसले. ग्यू-चानने योम सरांकडे पाहिलं. योम सर फळा पुसत होते. फळा कोरा होता.

त्या आठवड्यात ग्यू-चानने जिनसेंग कंपनीची दारं ठोठावली, खिडक्या हलवल्या आणि ऑर्डर शोधायच्या पानातून आत जाऊन दाखवलं. आत गेल्यावर त्याने काही नेलं नाही. ठरल्याप्रमाणे एक रिकामी फाइल ठेवली, तिचं नाव "इथे मा आला होता", आणि बाहेर पडला. ह्ये-रानच्या पडद्यावर हे सगळं ढोल वाजवत जाणाऱ्या वरातीसारखं दिसत होतं. तिने प्रत्येक ओळ टिपली. वेळ, पत्ता, कुठल्या दारातून, कुठल्या हुकुमाने. तिला त्याचा अभिमानच वाटत होता.

आणि त्या वरातीच्या पलीकडे तिला आणखी कुणीतरी दिसलं.

विक्री विभागातल्या एका बाईच्या खात्यावरून कुणी दिवसाढवळ्या कामाच्या वेळेत आत येत होतं. पासवर्ड पहिल्या झटक्यात बरोबर. आत आल्यावर ग्राहकांची माहिती उघडायची, एकामागून एक, वर्णानुक्रमे. ऑर्डर कुठलीच नाही, दुरुस्ती नाही, एकदाही चुकून मागे वळणं नाही. थोडी माहिती घ्यायची आणि निघून जायचं. दुसऱ्या दिवशी पुढच्या अक्षरापासून सुरू. ह्ये-रानने जुन्या नोंदी चाळल्या. हा पाहुणा त्यांचा प्रकल्प सुरू व्हायच्या किती तरी आधीपासून येत होता.

तिने सरळ कंपनीला फोन लावला. बालवाडीत मूल आलं नाही की घरी फोन करायचा, तशी सवयच होती. विक्री विभागातल्या त्या बाई आहेत का, असं विचारलं.

"त्या बाळंतपणाच्या रजेवर आहेत हो," पलीकडची मुलगी म्हणाली. "हिवाळा संपला की येतील. काही निरोप?"

"मुलगा की मुलगी?" ह्ये-रानने नकळत विचारलं.

"मुलगी. गुबगुबीत आहे."

फोन ठेवल्यावर ह्ये-रानने ग्यू-चानला बोलावलं. त्याने पडद्यावर वाकून पाहिलं आणि हळूच शीळ घातली. "नूना, हा सराव नाही. हा खरा चोर आहे. तू खरा चोर पकडलास!"

अहवाल तिने लिहिला. पहिल्या भागात सरावाचा हल्ला, ग्यू-चानचा, टप्प्याटप्प्याने. दुसऱ्या भागात तो शांत पाहुणा. योम सरांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, "मी दहा वर्षं हे काम केलं. असा स्वच्छ अहवाल फार थोड्यांनी दिला मला." अहवाल कू संचालकाकडे गेला आणि तिथून ब्यॉन साहेबांकडे.

त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गातली थेट नोंद बंद झाली. कू संचालक म्हणाला, प्रकल्प पूर्ण झाला, सगळ्यांचं अभिनंदन. पुढच्या तुकडीसाठी वर्गातले संगणक पुसून कोरे केले गेले. दरवेळी करतात तसेच.

ग्राहकांची माहिती बाहेर गेली असेल तर कंपनीने ते सरकारला आणि ग्राहकांना लगेच कळवायचं असतं. ब्यॉन साहेबांनी कळवलंही. कळवलं असं की एका प्रशिक्षण केंद्रातल्या विद्यार्थ्याने आमच्या यंत्रणेत बेकायदा प्रवेश केला, आम्ही तो तातडीने ओळखला, पोलिसांत तक्रार दिली आहे.

पोलिसांनी ह्ये-रानला साक्षीला बोलावलं तेव्हा तिला वाटलं, चोर सापडला. तपास अधिकारी सभ्य होता. त्याने जवाचा चहा दिला आणि तिच्यापुढे कागद ठेवले. तिच्याच अहवालाचा पहिला भाग. दुसरा नव्हता.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. पण हे अर्धंच आहे."

"जे आहे त्याबद्दल विचारतोय. यातली प्रत्येक नोंद तुम्ही स्वतः पाहिली?"

"पाहिली. पण हा सराव होता. खरी चोरी दुसरीच होती, त्याबद्दल पुढे लिहिलंय. कंपनीकडे नोंदी मागा ना!"

"मागितल्या. हल्ल्यानंतर खबरदारी म्हणून त्यांनी जुनी यंत्रं मोडीत काढली. हे एवढंच त्यांनी दिलं." त्याने पेन उचललं. "तुमच्याकडे प्रत आहे?"

प्रत नव्हती. वर्गाबाहेर काहीही न्यायचं नाही, दुसऱ्याची माहिती आपल्याजवळ ठेवायची नाही, असं योम सरांनी शिकवलं होतं आणि तिने ते पाळलं होतं. अहवाल वर्गातल्याच संगणकावर लिहिला होता.

"काम मात्र उत्तम आहे हो," अधिकारी मनापासून म्हणाला. "आमच्याकडची माणसंसुद्धा इतकं नीट लिहीत नाहीत. यावर वेगळा तज्ज्ञ बोलवायची गरजच नाही."

ती बाहेर आली तेव्हा ग्यू-चान पोलीस ठाण्याच्या पायऱ्यांवर हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता.

"नूना, प्रत ठेवली नाहीस?"

"ठेवायची नसते ना."

तो हसला. "बरोबर. ठेवायची नसते."

ती कू संचालकाकडे गेली. त्याने दार लावून घेतलं, खुर्ची दिली, कॉफी मागवली. "मी सरावाच्या यंत्रांबद्दलच बोललो होतो," तो म्हणाला. "पोरगा उत्साहाच्या भरात पुढे गेला. तरुण आहे. होतं."

"तुम्ही टेबलावर बसून सांगितलंत! सगळ्या वर्गाने ऐकलंय."

"वर्गाने काय ऐकलं ते वर्गाला विचारा." त्याने खिडकीबाहेर पाहिलं. "मुलांच्या मुलाखती सुरू आहेत, प्यो बाई. मी रोज कुणाकुणाच्या हातापाया पडतोय. हे केंद्र बंद पडलं तर सगळ्यांचंच नुकसान आहे. तुमचंही."

वर्गाला तिने विचारलं. कुणाला नीट आठवत नव्हतं. कुणी म्हणालं आपण त्या दिवशी उशिरा आलो होतो. एक मुलगी तिला थोरल्या बहिणीसारखी ऑन्नी म्हणायची, ती रडली आणि म्हणाली, "ऑन्नी, माझी पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे. मला यात घालू नकोस."

योम सर जिन्यात भेटले. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात त्यांची वर्गातली चप्पल. कंत्राट वाढवलं नव्हतं.

"सर, तुम्ही साक्ष द्याल ना?"

"मी काय सांगणार? मी फळा पुसत होतो."

"तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं," ते म्हणाले. "मला मुलगी आहे, ह्ये-रान. पुढच्या वर्षी विद्यापीठात जाईल. जिल्ह्यातलं प्रत्येक केंद्र कू साहेबांना ओळखतं." मग त्यांनी वाकून तिला नमस्कार केला. गुरूने शिष्याला करू नये इतकं खाली वाकून. तिला वाटलं, याऐवजी त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्यामुळे कोर्टात ग्यू-चानच्या बाजूने बोलायला ती एकटीच उभी राहिली. बचावासाठी सरकारने त्याला दिलेला वकील थकलेला होता, पण माणूस वाईट नव्हता. त्याने तिला सांगितलं होतं, जे घडलं ते घडलं तसं सांगा. तिने सांगितलं. कू संचालक काय म्हणाला, कसा हसला, कोणत्या दिवशी कोण कुठे बसलं होतं. शांत पाहुण्याबद्दलही सांगितलं. मग समोरचा वकील उठला.

"साक्षीदार, संचालक असं बोलले तेव्हा आरोपी काही म्हणाला?"

"हो," ह्ये-रान ताठ होऊन म्हणाली. ही तर त्याच्याच बाजूची गोष्ट होती. "त्याने परवानगीचा कागद मागितला. सगळ्या वर्गात त्याने एकट्याने मागितला. इतका तो सरळ मुलगा आहे."

"आणि कागद मिळाला?"

"नाही. येतोय म्हणाले."

"म्हणजे लेखी परवानगी लागते हे आरोपीला पूर्ण ठाऊक होतं."

"हो, पण..."

"आणि ती नाही हेही त्याला ठाऊक होतं."

ह्ये-रान ग्यू-चानकडे बघायला लागली. तो मान खाली घालून बसला होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

"उत्तर द्या, साक्षीदार."

"हो," ती म्हणाली.

निकालात तिच्या साक्षीची दोन वाक्यं जशीच्या तशी आली. माहिती चोरल्याचं सिद्ध झालं नाही. पण प्रशिक्षण घेतलेला, नियम माहीत असलेला आरोपी, परवानगी नाही हे समजून-उमजून आत गेला, हे सिद्ध झालं. तिसऱ्याच माणसाने दिलेला तोंडी शब्द म्हणजे मालकाची परवानगी नव्हे. शिक्षा स्थगित झाली, तुरुंगात जावं लागलं नाही. पण त्याच्या नावापुढे गुन्हा लागला, आणि तोही संगणकात घुसण्याचा. लोकांच्या यंत्रणा राखायला असा माणूस कोण ठेवणार?

कोर्टाबाहेर ती त्याच्या मागे धावली. "ग्यू-चान, मला वाटलं होतं..."

"नूना, आत्ता नको," तो म्हणाला, आणि स्कूटर सुरू करून निघून गेला. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही, आणि काही दिवसांनी तो नंबर कुणा दुसऱ्याचाच झाला.

ह्ये-रानला नोकरी लागली. द्येजॉनला एका नजर-केंद्रात, जिथे माणसं पाळीपाळीने बसून दुसऱ्या कंपन्यांच्या नोंदी बघतात. मुलाखतीत तिने त्या खटल्याबद्दल स्वतःहून सांगितलं. आता हाकलतील, असं तिला वाटत होतं. मुलाखत घेणारी बाई म्हणाली, "म्हणजे तुमचा अहवाल कोर्टात टिकला?" आणि तिला घेतलं. तिचा फोटो चौथ्या मजल्याच्या भिंतीवर लागला असेल का, याचा विचार ती करत नसे. फोटो काढायला ती गेली नव्हती, पण कू संचालकाकडे अर्जावरचा होताच.

पुढच्या वर्षी थंडी पडायला लागली तशा जॉन्जूतल्या म्हाताऱ्या माणसांना फोन यायला लागले. बोलणाऱ्याला सगळं माहीत असायचं. तुम्ही कुठला जिनसेंग घेता, गुडघ्यासाठी की झोपेसाठी, मुलगा कुठल्या शहरात असतो, पार्सल कुणाच्या पत्त्यावर गेलं. तुमच्या मुलाला अपघात झालाय, लगेच पैसे पाठवा. पुष्कळांनी पाठवले. पोलिसांनी माग काढला तेव्हा जिनसेंग कंपनीच्या पार्सल विभागातला एक माणूस सापडला. रजेवरच्या बाईचा पासवर्ड तिच्या टेबलावरच चिकटवलेला होता, तो त्याने उचलला होता. ग्राहकांची नावं तो हे फोन करणाऱ्या टोळीला विकत होता. ह्ये-रानने ही बातमी जेवणाच्या सुट्टीत वाचली. ग्यू-चानचं नाव त्यात कुठेच नव्हतं. ब्यॉन साहेब तोवर निवृत्त झाले होते.

ती तशीच उठून एका वकिलाकडे गेली. त्याने निकाल वाचला, बातमी वाचली, चष्मा काढला. "यात बदलण्यासारखं काही नाही. त्याला चोरीची शिक्षा झालीच नव्हती. आत गेल्याची झाली. आत तर तो गेला होता."

सुट्टीच्या दिवशी ती बसने गुन्सानला गेली. त्या हमामाचं नाव तिला माहीत नव्हतं, पण बंदराकडचे तीन-चार धुंडाळल्यावर एका ठिकाणी काउंटरवरच्या बाईने आत हाक मारली. पडद्याआडून एक बुटकी, दणकट बाई बाहेर आली. पोटऱ्यांपर्यंत ओली, हात पांढरे पडून सुरकुतलेले. ह्ये-रानने वाकून नाव सांगितलं.

बाईने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कोर्टात खरं बोलली ती तूच ना?"

ह्ये-रानने होकारार्थी मान हलवली.

"माझा मुलगा घरी येऊन म्हणाला, आई, नूनाने सगळं खरं सांगितलं. रागाने नाही म्हणाला तो. म्हणूनच मला जास्त राग आला." तिने हात कमरेच्या टॉवेलला पुसले. "मासळी बाजारामागच्या बर्फाच्या कारखान्यात आहे. जेवायच्या सुट्टीत बाहेर येतो."

तो आला. रबरी बूट, जाड हातमोजे, खांदे रुंद झालेले. तिला बघून थबकला, मग जवळ येऊन एका उलट्या टोपल्यावर बसला. तिने बातमी सांगितली. त्याने वाचली होती. तिने वकिलाचं सांगितलं. त्यानेही एकाला विचारलं होतं, उत्तर तेच मिळालं होतं.

"कसं आहे काम?" त्याने विचारलं.

"बरं आहे. माझ्याबरोबर बसायला कोणी नाही. म्हणजे माणसं आहेत, पण..."

"खडू खाणारं कोणी नाही."

ती हसायला गेली आणि तिचे डोळे भरून आले. "मी वेगळं काहीतरी बोलायला हवं होतं. कागदाचं मी काढायलाच नको होतं."

"त्यांनी तुला विचारलं की मी काही म्हणालो का. मग? खोटं बोलली असतीस?"

तिने खरंच विचार केला. बोटीवरून कुणीतरी हाका मारत होतं, बर्फाचा चुरा चिखलात विरघळत होता.

"नाही," ती म्हणाली.

"मग इथं कशाला आलीस, नूना?" त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं. "तुला माफी मागायची असेल तर तू काही केलेलंच नाहीस. कशाबद्दल माफ करू? कूने केलं, ब्यॉनने केलं, सरांनी केलं. ते कुणी येत नाहीत. तू येतेस. आणि तू आलीस की मला सगळं आठवतं."

ती उठली. पिशवीतून किंबापचा डबा काढून तिने टोपल्यावर ठेवला. त्याने तो घेतला, मोजे काढून उघडला, आणि एक तुकडा तोंडात टाकला.

"अजूनही मीठ कमीच घालतेस," तो म्हणाला.

आतून भोंगा झाला. बर्फ फोडायचं यंत्र सुरू झालं आणि त्या आवाजात पुढचं काही ऐकू येण्यासारखं राहिलं नाही. त्याने डबा झाकून तिच्या हातात परत दिला, अर्ध्याहून जास्त भरलेला, मोजे चढवले आणि आत गेला. ह्ये-रान बाजाराच्या गल्लीतून बसच्या थांब्याकडे चालत निघाली.